कंपासपेटीची नक्कल

कार्यशाळेच्या दुसऱ्या दिवशी, जेवणानंतरच्या सत्रात, भूगोलाच्या बाई हसल्या. नुसत्या हसल्या नाहीत, सगळ्यांच्या आधी हसल्या. ही गोष्ट त्यांनी पुढे कोणाला सांगितली नाही, पण इथे ती लपवण्यात अर्थ नाही. पुढच्या दोन दिवसांत त्यांच्या अंगाचा जो तिळपापड झाला, त्यातला निम्मा त्या हसण्यापायी होता.

कार्यशाळेचा विषय होता मुलांचं मानसिक आरोग्य आणि शिक्षकाची भूमिका. प्रत्येक शिक्षकाला मुलांच्या मनाचं प्रशिक्षण मिळालंच पाहिजे, असा वरून आदेश आला होता, आणि तेही परीक्षेच्या आत, कारण परीक्षा सुरू झाल्यावर शिक्षकांना वेळ नसतो. मुलांच्या मनाला तेव्हा वेळ असतो का, याबद्दल आदेशात काही नव्हतं. पाच शाळांचे मिळून बेचाळीस शिक्षक बाईंच्या शाळेच्या सभागृहात गोल करून बसवले होते. गोल अशासाठी की कोणी पुढे नाही, कोणी मागे नाही, सगळे सारखे. हेडसरांच्या खुर्चीला तेवढी गादी होती. खाली वर्गावर्गांत मुलं मॉनिटरच्या ताब्यात 'स्वयंअध्ययन' करत होती, आणि त्याचा आवाज वरपर्यंत येत होता.

प्रशिक्षक मॅडम एका संस्थेकडून आल्या होत्या. आवाज इतका मऊ, की मागच्या ओळीला ऐकू येत नसे, पण गोलात मागची ओळ नसल्यामुळे ते खपून गेलं. त्या कोणालाही 'चुकलं' म्हणत नसत. 'हाही एक दृष्टिकोन आहे,' म्हणत. पहिल्या दिवशी त्यांनी भिंतीवर एक मोठा कागद चिकटवला : 'या खोलीतलं या खोलीतच राहील.' आणि त्या कागदाच्या बरोबर खाली तिपाईवर मोबाईल लावून चित्रीकरण सुरू केलं. अहवालाला पुरावा लागतो.

शिकवण तीन पायऱ्यांची होती. आधी ऐकायचं, मग भावनेला नाव द्यायचं, मग धीर द्यायचा. 'मी ऐकतेय. तुला राग आलाय असं मला जाणवतंय. आपण मिळून मार्ग काढू.' दोन दिवसांत बेचाळीस जणांना हे पाढ्यासारखं तोंडपाठ झालं. चहाच्या रांगेत कोणाचा धक्का लागला तरी लोक एकमेकांच्या भावनांना नावं देऊ लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी भूमिका-नाट्य होतं. दोघांनी पुढे यायचं, एकाने शिक्षक व्हायचं, एकाने अडचणीतलं मूल. पहिल्या चार जोड्यांनी चार रडकी मुलं केली आणि गोल जांभया देऊ लागला. मग भाषेचे सर उठले.

भाषेच्या सरांना स्टाफरूममध्ये 'रंगभूमी' म्हणत. तरुणपणी त्यांनी दोन एकांकिकांत काम केलं होतं, आणि त्या दोन्हींबद्दल ते वर्षातून प्रत्येकी वीस वेळा बोलत. माणूस वाईट नव्हता. कोणाच्या घरी आजारपण आलं तर सगळ्यात आधी डबा घेऊन जाणारा. फक्त पुढ्यात चारच्या वर माणसं बसली की त्यांच्या अंगात यायचं.

रंगभूमी लहान बाकावर बसले. गुडघे जवळ घेतले, मान खाली घातली. समोर शिक्षिका झालेल्या विज्ञानाच्या मॅडमनी प्रश्न विचारला. रंगभूमींनी खिशातून चष्म्याचं घर काढलं, हळूच त्याचं झाकण बोटभर उघडलं, आत तोंड नेऊन काहीतरी पुटपुटले, टक्‌कन झाकण मिटलं आणि घर दोन्ही हातांनी मॅडमपुढे सरकवलं. जणू म्हणाले, उत्तर आत आहे, घ्या काढून.

तेव्हा बाई हसल्या. आणि मग सभागृह फुटलं.

रंगभूमींना चेव चढला. त्यांनी पुन्हा झाकण उघडलं, आत डोकावून उत्तर पळालंय की काय असं पाहिलं, करंगळीने डाव्या कानामागे नसलेले केस सारले. हेडसर डोळे पुसत होते. करंगळी कानामागे गेली आणि बाई हसायच्या थांबल्या.

कारण हे सगळं जी करायची, ती मुलगी त्यांच्या वर्गात होती. सहावीत, खिडकीजवळच्या बाकावर. घरी रेडिओ आणि शाळेत कुलूप, असं तिची आई म्हणायची. शाळेच्या दारातून आत आली की मुलीचा आवाज बंद. हट्ट नाही, लाज नाही, आवाजच यायचा नाही. तिला आजवर उभं करून झालं होतं, दटावून झालं होतं, 'गोळी देते, बोल' म्हणून झालं होतं. बाईंनी यातलं काही केलं नाही. त्यात शहाणपण होतं असं नाही. एकेचाळीस मुलांच्या वर्गात एक गप्प आहे, याचा त्यांना सुरुवातीला आनंदच झाला होता. मग एके दिवशी वह्या तपासताना त्यांना दिसलं, की मुलगी कंपासपेटीचं झाकण किंचित उघडून आत काहीतरी बोलतेय. त्यांनी नुकताच वर्गाला वाऱ्यांवर प्रश्न विचारला होता. बाई तिच्या बाकापाशी गेल्या, पेटी उचलली, कानाशी नेली आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, "बरोबर." मुलीने त्यांच्याकडे असं पाहिलं, की बाईंना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

तेव्हापासून पेटी बाईंच्या टेबलावर यायची. वह्यांचा गठ्ठा आणायच्या निमित्ताने मुलगी यायची, झाकण उघडायची, आणि गेल्या महिन्यापासून आत जे बोलायची ते बाईंना खरंच ऐकू यायचं. एक शब्द, कधी दोन. वर्गातल्या कोणाला हे ठाऊक नव्हतं. मुलांच्या लेखी ती गप्प होती आणि पेटीशी चाळा करत होती, एवढंच. ही सगळी इमारत काड्यांची होती. एकाला जरी कळलं असतं, तरी दुसऱ्या दिवशी चाळीस कंपासपेट्यांची झाकणं टकटक वाजली असती.

आणि आता प्रशिक्षक मॅडम टाळ्या वाजवत उठल्या होत्या. "केवढं बारीक निरीक्षण! हीच ती समानुभूती. हा व्हिडिओ आपण शनिवारी समारोपाला मोठ्या पडद्यावर दाखवू या. अधिकारी येणार आहेत."

"हॉल भरायला सहावी ते नववी बसवतोच आहोत," हेडसर म्हणाले.

बाईंनी रंगभूमींना जिन्यात गाठलं.

"सर, ती नक्कल होती."

"नक्कल?" रंगभूमी दुखावले. "बाई, नक्कल कोपऱ्यावरची पोरं करतात. मी पात्र उभं केलं."

"पात्र माझ्या वर्गात बसतं."

रंगभूमींचा चेहरा उजळला. "म्हणजे जमलं! अहो, मी तिला धड पाहिलेलंसुद्धा नाही. तुम्हीच नाही का त्या दिवशी चहाच्या वेळी हातवारे करकरून सांगितलंत? पेटी काय, करंगळी काय! ते सगळं डोक्यात बसलं होतं. श्रेय तुमचं आहे, बाई. मी स्टेजवर सांगतो तसं."

"काही सांगू नका!"

"बरं, नाही सांगत. एवढं काय, विनय म्हणून मी समजू शकतो."

बाईंना तो दिवस आठवला. सांगितलं होतं त्यांनी. पहिल्यांदा पेटीतून शब्द ऐकू आला त्या दिवशी त्यांना राहवलं नव्हतं. कप हातात धरून, चार जणांसमोर, त्यांनी सगळं करून दाखवलं होतं, करंगळीसकट. तेव्हाही लोक हसले होते. त्या हसण्यात माया होती, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती.

मग त्या प्रशिक्षक मॅडमकडे गेल्या. मॅडम कागदाची कापलेली रंगीत बदामं गोळा करत होत्या.

"मॅडम, तो व्हिडिओ शनिवारी दाखवू नका."

"मी ऐकतेय," मॅडम म्हणाल्या आणि खरोखर हातातली बदामं खाली ठेवली.

"तशी मुलगी शाळेत आहे. ती समोर बसलेली असेल. सगळी मुलं ओळखतील."

"तुम्हाला अस्वस्थ वाटतंय असं मला जाणवतंय."

"मला अस्वस्थ वाटत नाहीये. मला तो व्हिडिओ काढून हवाय."

"हाही एक दृष्टिकोन आहे. पण बघा, त्यात नाव कुठे आहे? नाव आपण वापरलेलंच नाही. सर तर पुरुष आहेत."

"नाव तेवढं गाळलंत. बाकी मुलगी अख्खी ठेवलीत."

मॅडमनी मऊ श्वास घेतला आणि बाईंनीही घ्यावा म्हणून तळहात वर-खाली केला. बाईंनी घेतला नाही. "कदाचित," मॅडम म्हणाल्या, "तिला उलट बरं वाटेल. आपली दखल घेतली गेली म्हणून."

"अकरा वर्षांची आहे हो ती! दखल घेऊ नये म्हणून तर बोलत नाही."

"आपण मिळून मार्ग काढू," मॅडमनी तिसरी पायरी गाठली. "आमच्या संस्थेत बालकांच्या गोपनीयतेबद्दल फार कडक धोरण आहे. तुम्ही तक्रार अर्ज भरा. मी लिंक पाठवते."

लिंक आली. बाईंनी रात्रीच्या भाजीला फोडणी द्यायची सोडून ओट्यापाशी उभ्या उभ्या अर्ज उघडला. 'बालकाच्या गोपनीयतेचा भंग : तक्रार प्रपत्र.' पहिला रकाना, बालकाचं संपूर्ण नाव. दुसरा, इयत्ता व तुकडी. तिसरा, बालकाची समस्या, सविस्तर. चौथा, पालकांचा फोन. चारही रकाने भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नव्हता. बाईंनी नावाच्या जागी टिंबं दिली. 'कृपया वैध नाव लिहा,' अर्ज म्हणाला. शेवटी एक टीप होती : ही तक्रार नऊ सदस्यांच्या समितीपुढे वाचली जाईल. सदस्यांची यादी खाली होती. सातवं नाव शिक्षक-प्रतिनिधी म्हणून भाषेच्या सरांचं होतं.

"फोडणी करपली," बाईंचा नवरा बाहेरून म्हणाला.

"करपू दे!"

नवऱ्याने पेपर वर धरला. एवढ्या वर्षांत त्यानेही काही पायऱ्या स्वतःच्या स्वतः शोधल्या होत्या.

शुक्रवारी सकाळी बाई हेडसरांच्या केबिनमध्ये गेल्या. हेडसरांपुढे शनिवारच्या बैठकव्यवस्थेचा नकाशा होता आणि पाहुण्यांच्या खुर्च्या किती पुढे घ्यायच्या यावर ते झगडत होते.

"कोणाची नक्कल आहे म्हणता?"

"ते नाही सांगता येणार, सर."

"मग मी थांबवू कसा? अधिकारी विचारतील, का थांबवलात. मी काय सांगू, आहे एक मुलगी, पण कोण ते माहीत नाही? तोंडी सांगा. माझ्यापाशीच राहील. समितीला तेवढं कळवावं लागेल. आणि तिच्या पालकांना बोलवावं लागेल. आणि वर्गशिक्षकांचा अहवाल."

"वर्गशिक्षक मीच आहे."

"म्हणजे तुमच्या वर्गातली!" हेडसरांनी चष्मा काढला. "बघा, निम्मं कळलंच. आता उरलेलं निम्मं सांगून टाका."

बाईंना जीभ चावावीशी वाटली. "सर, नाव सांगितलं की जे थांबवायचंय तेच होतं. बोंब मारायची तर आधी तिचंच नाव घेऊन मारायची, हा कुठला न्याय?"

"तुम्हाला राग आलाय असं मला जाणवतंय," हेडसर म्हणाले. दोन दिवसांचं प्रशिक्षण वाया गेलं नव्हतं.

बाई बाहेर पडल्या. व्हरांड्यात त्यांना भेटलेल्या प्रत्येकाने विचारलं, काय झालं? आणि काय झालं ते सांगता येत नव्हतं. रागाने फणफणायचं, पण कारण बोलायचं नाही, अशी त्यांची गत झाली होती. त्यांना एकदम जाणवलं, की शाळेच्या दारातून आत आल्यावर आवाज बंद होणं म्हणजे काय. जाणवलं आणि त्यांनी ते लगेच झटकून टाकलं. हे असलं काही सुचायला लागलं, की माणूस स्वतःवर खूश होतो आणि काम तसंच राहतं.

काम व्हायला कार्यालय लागतं, म्हणून त्या हेडक्लार्ककडे गेल्या. हेडक्लार्कना सगळी शाळा 'नियमावली' म्हणायची. त्यांच्या टेबलावर एक जाडजूड बांधणी होती, आणि तिच्यात नसलेली गोष्ट जगात घडते, यावर त्यांचा विश्वास नव्हता.

"भाऊसाहेब, मुलाची कोणी जाहीर खिल्ली उडवली तर ती थांबवायचा नियम कोणता?"

नियमावलींनी पानं उलटली. विद्यार्थ्यांचे केस, विद्यार्थ्यांची नखं, विद्यार्थ्यांचे बूट. "खिल्ली नाही सापडत," ते म्हणाले. "पोरांसाठी नाहीये, बाई. माणसांसाठी आहे."

"माणसांसाठी म्हणजे?"

"कर्मचाऱ्यांसाठी. हे बघा. कर्मचाऱ्याच्या व्यंगाची, सवयीची वा लकबीची जाहीर नक्कल केल्यास कार्यक्रम तत्काळ थांबवणे, चित्रीकरण नष्ट करणे, लेखी माफी. गेल्या गॅदरिंगला पोरांनी प्रयोगशाळेच्या मामांच्या चालण्याची नक्कल केली होती ना? मामांनी दोन ओळी खरडून दिल्या. दोन तासांत नाटुकलं बंद. हेडसर स्वतः मामांच्या पाया पडायचे बाकी होते. युनियन आहे ना मागं."

बाई समोरच्या बांधणीकडे बघत राहिल्या. पायाने अधू असलेल्या पन्नाशीच्या मामांना नियम होता. मिळायलाच हवा होता. अकरा वर्षांच्या मुलीसाठी मात्र नखांवर नियम होता, बुटांवर होता, आणि अब्रूच्या पानावर थेट अनुक्रमणिका संपत होती.

"कागद द्या," बाई म्हणाल्या.

"कशाला?"

"कालच्या भूमिका-नाट्यात भाषेच्या सरांनी केली ती नक्कल माझी होती."

नियमावलींनी प्रथमच मान पूर्ण वर केली. "तुम्ही डबीशी बोलता?"

"बोलते."

"कधीपासून?"

"भाऊसाहेब, अर्जात तारीख लागते का?"

"नाही," नियमावली म्हणाले. त्यांनी कागद दिला, पण लगेच सोडला नाही. आवाज खाली आणला. "बाई, हे सेवापुस्तकात जातं बरं का. कायमचं. उद्या बढतीच्या वेळी कोणी पुस्तक उघडलं, तर पहिलं हेच दिसणार. कर्मचारी डबीशी बोलतात."

"दिसू दे."

"मला काय, मी शिक्का मारतो. पण मी काही ऐकलेलं नाही."

"काय ऐकलेलं नाही?"

"तेच," नियमावली म्हणाले आणि शिक्का मारला.

अर्ज अकरा वाजता आत गेला आणि पाऊण वाजेपर्यंत सगळं उरकलं. प्रशिक्षक मॅडमनी हेडसरांसमोर मोबाईलमधून व्हिडिओ पुसला, संगणकातून पुसला, संपादन करणाऱ्या मुलाला फोन करून त्याच्याकडचा पुसायला लावला आणि पुसल्याचं लेखी दिलं. काल संध्याकाळपासून बाई जे हात जोडून मागत होत्या, ते पावणेदोन तासांत झालं. एकही श्वास घ्यावा लागला नाही.

रंगभूमी आले ते रडवेले होऊन. "सांगायचंत ना, बाई! मला काय स्वप्न पडलं होतं? मला वाटलं, तुम्ही मुलीचं सांगताय. आणि तुम्ही बिचाऱ्या आडून आडून स्वतःचं…" त्यांनी बाईंचा हात हातात घेतला. "मी ऐकतोय. केव्हाही. अर्ध्या रात्री फोन करा."

दुपारनंतर बाईंभोवती अख्ख्या स्टाफरूमने तीन पायऱ्या चढायला सुरुवात केली. विज्ञानाच्या मॅडमनी त्यांच्या भावनेला नाव दिलं. चित्रकलेच्या सरांनी धीर दिला. बाई पर्समधून चष्म्याचं घर काढायला लागल्या, की बोलणं थांबायचं आणि सगळे आदराने दुसरीकडे बघायचे. बाईंना ओरडून सांगावंसं वाटत होतं, की अहो, हा समजूतदारपणा, ही नजर वळवणं, हे दुसरीकडे बघणं एका मुलीसाठी हवं होतं, आणि ते करायला एका पैशाचं प्रशिक्षण लागत नव्हतं. ओरडल्या असत्या तर लोकांनी त्याचीही दखल घेतली असती. त्या चष्मा न लावताच वह्या तपासत राहिल्या.

संध्याकाळी घरी त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. नवऱ्याने शेवटपर्यंत ऐकलं, भावनेला नाव दिलं नाही. मग उठला, डब्यांच्या फळीवरून साखरेचा डबा काढला, झाकण उघडून आत म्हणाला, "चहा मिळेल का?"

बाई त्या आठवड्यात पहिल्यांदा हसल्या, ज्या हसण्याची त्यांना नंतर लाज वाटली नाही असं.

"अगं, पण तुझं काय होणार आता?" त्याने डबा खाली ठेवून विचारलं.

"काय होणार? बोलतील चार दिवस."

चार दिवस लागले नाहीत. शनिवारी समारोपात पडद्यावर बेचाळीस शिक्षक श्वास घेताना दाखवले गेले. नक्कल दाखवली असती तर मुलांना जेवढी आवडली असती, त्याहून हे जास्त आवडलं असावं, कारण हॉल खिदळत होता. खिडकीजवळची मुलगी चौथ्या रांगेत होती आणि तीही हसत होती, तोंडावर हात ठेवून, आवाज न करता. बाईंचा जीव भांड्यात पडला. मग प्रशिक्षक मॅडम माईकवर आल्या. "या तीन दिवसांनी काय घडवलं ते मी सांगते. आपल्यातल्याच एका शिक्षिकेने धाडस करून स्वतःच्या मानसिक अडचणीबद्दल लेखी दिलं. मी त्यांचं नाव घेणार नाही. फक्त एवढंच सांगते, की त्या याच शाळेत आहेत आणि भूगोल शिकवतात."

अख्खा हॉल वळला. भूगोल शिकवणाऱ्या शाळेत एकच होत्या. अधिकाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

कार्यक्रमानंतर हेडसरांनी त्यांना बाजूला घेतलं. आवाज मॅडमसारखा मऊ केला होता, तो त्यांच्या मिशांना शोभत नव्हता. "बाई, तुम्ही दमला आहात. सोमवारपासून सहावीचा भार तुमच्यावर नको. महिनाभर नकाशांच्या खोलीत बसा. नकाशे झटका, याद्या करा. शांत काम आहे."

"सर, मला शांत काम नकोय. मला माझा वर्ग हवाय."

"मुलांच्या दृष्टीनेही बघायला हवं ना. मुलांचं मन फार नाजूक असतं." हे वाक्य ते नवीन शिकले होते. "तुमचा वर्ग चांगल्या हातात जातोय. भाषेचे सर घेताहेत. एवढं बारीक निरीक्षण असलेला माणूस दुसरा नाही."

बाई म्हणाल्या, "सर, तुम्ही माझ्या ज्या अर्जावर कारवाई केलीत, त्यात एक ओळ चुकीची आहे." आणि तिथेच थांबल्या. ती ओळ सुधारायची तर नक्कल जिची होती तिचं नाव रकान्यात जाणार. हेडसर वाट पाहत होते. "काही नाही," बाई म्हणाल्या. दातांवर दात रोवून म्हटलेलं ते 'काही नाही' हेडसरांना होकारासारखं ऐकू आलं.

मुलं दप्तरं घ्यायला वर्गात परतली होती. बाई दारात थांबल्या. बाकीचे धावत गेले तेव्हा त्या खिडकीजवळच्या बाकावर, मुलीशेजारी जाऊन बसल्या. बाक लहान होता. त्यांचे गुडघे वर आले.

"तुला दोन गोष्टी सांगायच्यात," त्या म्हणाल्या. "सोमवारपासून भाषेचे सर तुमचे वर्गशिक्षक. मी खालीच असेन, नकाशांच्या खोलीत. ही एक." मुलीने दप्तराचा पट्टा पकडला. "दुसरी अशी, की तू पेटीत बोलतेस ते मी एकदा स्टाफरूममध्ये सांगितलं. मला फार आनंद झाला होता म्हणून. पण तुला विचारलं नव्हतं. चुकलं माझं."

मुलीने बाईंकडे पाहिलं नाही. कंपासपेटी बाकावर होती. तिने ती उचलली, दप्तरात घातली, चेन लावली. बाई तीन पायऱ्यांपैकी एकही चढल्या नाहीत. वर सभागृहात कोणीतरी खुर्च्यांच्या चळती ओढत होतं.

मग त्यांनी विचारलं, "सर मला विचारतील, तुझ्याबद्दल. सांगू त्यांना?"

मुलीने मान हलवली. आडवी. एकदा, स्पष्ट, आणि या वेळी बाईंच्या डोळ्यांत बघून. मग दप्तर पाठीला लावून ती गेली. दारापाशी वळून पाहिलं वगैरे नाही. रागावलेली मुलं जशी जातात तशी गेली, आणि बाईंना वाटलं, रागवायचा तिला पूर्ण हक्क आहे, आणि तो तिने बजावला हे बरंच झालं.

स्टाफरूममध्ये रंगभूमी नवी कोरी वही घेऊन बसले होते. पहिल्या पानावर त्यांनी सुवाच्य अक्षरात 'सहावी : माझी मुलं' असं लिहिलं होतं. "या, बाई, बसा. तुम्हाला ताण देणार नाही. फक्त ती खिडकीजवळची. मला मनापासून काहीतरी करायचंय तिच्यासाठी. तिच्याशी कसं वागायचं, तुमच्या काय युक्त्या होत्या, सगळं सांगा. मी लिहून घेतो."

"एवढंच लिहा, की तिला उभं करू नका आणि सगळ्यांसमोर विचारू नका. हे कुठल्याही मुलाला लागू आहे."

"आणि पुढचं?"

"पुढचं सांगायला तिने नाही म्हटलंय."

रंगभूमींचं पेन थबकलं. डोळे मोठे झाले. खुर्ची पुढे आली. "नाही म्हटलं? म्हणजे ती बोलली? कशी बोलली? बाई, करून दाखवा ना जरा!"

बाईंनी त्यांच्या हातातलं पेन काढून घेतलं, त्याला टोपण लावलं, त्यांच्याच खिशाला अडकवलं आणि नकाशांच्या खोलीची किल्ली मागायला त्या कार्यालयाकडे गेल्या.